उंच बाइक, डांबरी वळण

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांनी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे माती आणि डांबर दोन्हींवर चालणारी बाइक घेतली ती मातीच्या ओढीनं. पण मातीपर्यंत पोहोचायला डांबरच तुडवावं लागतं, आणि या बाइकचे जास्त किलोमीटर डांबरावरच जातात. मातीत हातापायांना लागलेल्या सवयी तिथल्या वळणांवर आपसूक बाहेर येतात. आज मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे. माझं म्हणणं एकच आहे: ही बाइक डांबरावर फार छान वळते, पण तिला प्रत्येक हालचालीनंतर सावरायला वेळ द्यावा लागतो.

हा वेळ कशासाठी, ते बाइकच्या बांधणीतच दिसतं. पुढचं चाक बहुधा 21 इंची, टायर अरुंद, 80 किंवा 90 मिलिमीटरचा. पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाला धरणारी स्प्रिंगची जोडनळी, 200 मिलिमीटरहून जास्त दबू शकतो. साध्या रस्त्याच्या बाइकचा फोर्क साधारण 120-130 मिलिमीटर दबतो. स्प्रिंग मऊ, सीट उंच, हँडल रुंद. त्यामुळे ब्रेक दाबला की पुढचा भाग चांगलाच खाली बसतो आणि मागचा वर उचलला जातो. ॲक्सिलरेटर उघडला की याच्या उलट. खड्ड्यांत हाच मऊपणा आपल्याला वाचवतो. वळणावर मात्र प्रत्येक धक्का त्यामुळे मोठा होतो.

फोर्क दबल्यानं नेमकं काय होतं, ते समजून घ्या, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. स्टिअरिंगच्या दांड्याची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला एका बिंदूत भेटते. टायर त्या बिंदूच्या थोडा मागे टेकलेला असतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल जास्त असेल तर बाइक सरळ जायला बघते, कमी असेल तर चटकन वळते. फोर्क दबला की त्याचा कोन अधिक उभा होतो आणि ट्रेल कमी होतो. म्हणजे हलका ब्रेक लावून वळणात शिरलात तर बाइक आनंदानं आत वळते. पण त्याच क्षणी ब्रेकवरची बोटं झटकन उचललीत, तर फोर्क उसळून वर येतो, ट्रेल वाढतो आणि बाइक बाहेरच्या बाजूला सरकू लागते. चालवणाऱ्याला वाटतं, टायर घसरला. टायर घसरलेला नसतो, बोटं घाईनं सुटलेली असतात.

म्हणून ब्रेक लावताना जेवढी काळजी घेता, त्याहून जास्त सोडताना घ्या. जोराचा ब्रेक बाइक वळणाआधी सरळ, न झुकलेली असतानाच लावून घ्या आणि गिअरही तेव्हाच उतरवा. मग बाइक जसजशी कलत जाईल, तसतसा लिव्हरवरचा दाब कमी करत न्या. दाब पूर्ण संपला की ॲक्सिलरेटर अगदी किंचित उघडा, बाइक सरळ रस्त्यावर एका वेगानं चालते तेवढाच. एका सिलिंडरच्या इंजिनाला हे विशेष लागू. ॲक्सिलरेटर बंद झाला की ते मागच्या चाकाला जोरात अडवतं आणि उघडताना धक्का देतं. वळणाच्या मध्यात असा धक्का नको.

आता शरीराबद्दल. मातीत आपण बाइक खाली ढकलतो आणि स्वतः सरळ बसतो. सैल जमिनीवर ते अगदी बरोबर आहे: चाक घसरलं तरी आपण बाइकच्या वर असतो आणि पाय टेकवता येतो. डांबरावर हिशेब बदलतो. 50 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 60 किलोमीटरनं घ्यायचं तर बाइक आणि माणूस यांचा मिळून कल साधारण 30 अंश लागतो. हाच वेग 70 केला की कल 38 अंशांच्या आसपास जातो. वेगातली एवढीशी वाढ आठ अंश खाते, हे लक्षात ठेवा. हा कल दोघांचा मिळून आहे. तुम्ही सरळ बसलात तर तुमच्या वाटणीचं झुकणं बाइकच्या माथी येतं आणि ती टायरच्या कडेवर जाते. मातीसाठी रबराचे उंचवटे असलेल्या, म्हणजे बटणांच्या टायरची कडेची बटणं सुटी, उंच आणि लवचीक असतात. भार आला की ती वाकतात आणि बाइक वळवळल्यासारखी वाटते.

म्हणून डांबरावर बाइकच्या रेषेत राहा, किंवा छाती आणि डोकं थोडं वळणाच्या आत न्या. सीटवरून खाली लटकायची काही गरज नाही. डावं वळण असेल तर हनुवटी डाव्या आरशाच्या दिशेनं नेलीत तरी पुष्कळ. बाहेरचा गुडघा टाकीला लावा, कोपरं सैल ठेवा. पाय मात्र फूटपेगवरच, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यावरच. मातीसारखा पुढे काढायचा नाही.

बाइक झुकवायची हँडलनं. डावीकडे जायचं असेल तर डावं हँडल पुढे ढकला. यालाच काउंटरस्टिअरिंग म्हणतात. आपल्याकडे रुंद हँडल आहे, त्यामुळे तळहाताचा थोडासा दाब पुरतो. रुंद हँडलची दुसरी बाजूही आहे: आवळून धरलंत तर छातीचा प्रत्येक हेलकावा चाकापर्यंत पोहोचतो.

नजर कुठे? रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकत्र आल्यासारख्या दिसतात, तिथे. तो बिंदू पुढे पळत असेल तर वळण उघडतंय. जागेवर थांबलाय किंवा जवळ येतोय, तर वळण आवळतंय, वेग कमी करा. उंच सीटमुळे आपल्याला कुंपणापलीकडचं थोडं जास्त दिसतं, त्याचा फायदा घ्या. आणि वळणात आत शिरायची घाई करू नका. थोडं उशिरा आत वळलात तर बाहेर पडताना समोरच्या लेनमध्ये जाण्याची पाळी येत नाही.

तरीही एखादं वळण अनपेक्षित आवळलंच, तर भीतीनं नजर रस्त्याच्या कडेवर खिळते आणि हात ब्रेक गच्च आवळतो. तिथे जाणीवपूर्वक नजर बाहेर पडायच्या वाटेवर न्या आणि आतलं हँडल आणखी ढकला. कोरड्या, स्वच्छ डांबरावर बाइकमध्ये अजून झुकायला बहुधा जागा असते. आपलाच धीर आधी संपतो. समोर खडी किंवा पाणी असेल, तर हे चालणार नाही. तिथे वेग आधीच कमी असायला हवा.

टायरबद्दल थोडक्यात. मातीसाठी हवा कमी केली असेल तर डांबरावर येताच ती कंपनीनं सांगितलेल्या आकड्यापर्यंत भरा. कमी हवेचा टायर वळणात दुमडतो आणि गरमही होतो. बटणांत चिखल अडकलेला असेल तर पहिली काही वळणं बाइक फार न झुकवता, सावकाश घ्या. मातीत मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद केला असेल तर तो परत सुरू झालाय का, तेही बघा.

आता एकानं मघाशी विचारलं, मग सरळ बसून बाइक खाली ढकलणं डांबरावर अजिबात नकोच का? एका ठिकाणी हवं. पायी चालण्याच्या वेगानं यू-टर्न घेताना. तिथे बाइक आत झुकवा, स्वतःचं वजन बाहेरच्या बाजूला ठेवा, मान पूर्ण मागे वळवा, क्लच अर्धा धरा आणि मागचा ब्रेक हलका दाबून ठेवा. पुढच्या ब्रेकला हात लावू नका. वळलेल्या हँडलवर तो दाबला की उंच बाइक जागच्या जागी कोसळते. रिकाम्या मैदानात दोन्ही बाजूंना याचा सराव करा, आणि जी बाजू अवघड जाते तिचा जास्त.