गाडी कुठं थांबवायची ते आधी शिका

(नाशिकच्या आडगावला ट्रक टर्मिनलजवळ एका रविवारी नव्यानं ट्रक ड्रायव्हरच्या लाईनमध्ये येऊ बघणाऱ्या पोरांसमोर बोललो होतो, ते जवळजवळ जसंच्या तसं लिहून काढलंय.)

बसा रे, मागं खुर्च्या आहेत अजून. आत येताना तुमच्यातल्या एकानं विचारलं, काका, मोठी गाडी शिकायला किती दिवस लागतात. तर नुसती चालवायची म्हणशील तर फार नाही लागत. आता पॉवर स्टेअरिंग आलं, क्लच हलका झाला, दिंडोरीत द्राक्षाच्या सीझनला पिकअप चालवणारा पोरगा मोकळ्या रोडवर दहा टायर गाडी महिन्या-दोन महिन्यांत सरळ नेतो. पण सव्वीस वर्षं मुंबई-आग्रा रोडवर काढल्यावर सांगतो, गाडी पळवणं लवकर येतं, थांबवणं फार उशिरा येतं. कुठं थांबायचं, कधी थांबायचं, आणि शेठ फोनवर ओरडत असताना "नाही, आता मी दोन तास झोपणार" हे त्याला कसं सांगायचं. मी आज मुख्य तेच बोलणार आहे.

आधी कागदाचं उरकून घेतो. १८ पूर्ण झाले की कारचं लायसन निघतं, पण ट्रकसाठी वय २० पाहिजे आणि हातात कारचं लायसन वर्षभर तरी असलं पाहिजे, मग हेवीचं, म्हणजे मोठ्या गाडीचं, लर्निंग लायसन मिळतं. आठवी पासची अट होती ती २०१९ ला काढली, त्यामुळं सातवीत शाळा सुटलेल्यानं मागं बसायचं कारण नाही. डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो, तो नुसता शिक्का मारून आणू नका, डोळे खरंच तपासा. रात्री समोरच्या लाईटनं डोळे दिपल्यावर आपल्याला किती वेळ दिसत नाही हे स्वतःला माहीत पाहिजे. हेवीचं लायसन दर ५ वर्षांनी रिन्यू. आणि ज्याला मनमाडजवळ पानेवाडीहून पेट्रोल-डिझेलचे टँकर भरायचेत त्याला धोकादायक मालाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग वेगळं करावं लागतं. झालं, कागद एवढेच.

आता माझ्या मते खरी गोष्ट. लायसन आलं की लगेच एकट्यानं गाडी घेऊ नका. आजकाल मालक क्लीनर ठेवत नाहीत, खर्च वाचतो म्हणून, आणि नवीन पोराला पण वाटतं आपण आता ड्रायव्हर, क्लीनर कशाला व्हायचं. मी म्हणतो सहा महिने कमी पैशात का होईना, एखाद्या उस्तादाच्या शेजारी बसा. मी दीड वर्ष बसलो होतो. माझे उस्ताद मालेगावचे, बोलायचे कमी, चहा पण स्वतः स्टोव्हवर करायचे.

पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातात गाडी दिली ती मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात उतरणाऱ्या बिजासन घाटात. इंदूरहून सोयाबीनची पेंड भरून येत होतो, सेंधवा सोडलं आणि घाट उतरायला लागला. मला वाटलं उतार आहे, न्यूट्रल करू, डिझेल वाचेल, मालक खुश होईल. गिअर लिव्हरकडं हात नेला तर उस्तादांनी वरून हात दाबून धरला आणि म्हणाले, "ज्या गिअरमध्ये हा घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर." बाकी एक शब्द नाही. खाली पळासनेरला आल्यावर गाडी साईडला घ्यायला लावली, मला उतरवलं आणि म्हणाले मागच्या चाकाजवळ हात ने, लावू नको, नुसता चार बोटं लांब धर. तेवढ्या लांबून पण तळहात भाजत होता, बरं का, आणि लायनरचा, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांचा, तो जळका वास, एकदा नाकात बसला की जन्मात विसरत नाही. ते म्हणाले, हे गिअरमध्ये उतरून एवढं तापलंय, न्यूट्रल असती तर काय झालं असतं ते तूच बघ.

काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पेपरात नुसतं "ब्रेक फेल" छापून येतं. न्यूट्रल केली की इंजिन गाडीला धरत नाही, सगळं वजन एकट्या लायनरवर येतं. लायनर आणि ड्रम घासून घासून तापले की पकड सुटते, तुम्ही पाय पार खालपर्यंत दाबता पण गाडी ऐकत नाही. मग माणूस घाबरून परत परत ब्रेक मारतो, आपले ब्रेक हवेवर चालतात, प्रत्येक वेळी टाकीतली हवा जाते, मीटरचा काटा खाली येतो, आणि हवा फार कमी झाली की आजच्या गाड्यांना मागचे स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळतात, ते कुठल्या वळणावर आवळतील हे तुमच्या हातात नसतं. इंजिनच बंद केलं असेल तर स्टेअरिंग पण दगडासारखं जड. म्हणून घाटाच्या वरच थांबायचं, हवा बघायची, गिअर पाडायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरतो तो) असेल तर तो लावायचा आणि मग उतरायचं. आपल्या कसारा घाटात पण हेच. आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका रे, पोरं ओततात, त्यानं ड्रम तडकतो. गाडी उभी करा, आपोआप थंड होऊ द्या, अर्धा तास गेला तर गेला. त्याच पळासनेरला जुलै २०२३ मध्ये उतारावरून आलेला कंटेनर सरळ हॉटेलात घुसला, किती माणसं गेली, त्यात चहा प्यायला बसलेली माणसं होती ज्यांचा आपल्या धंद्याशी काही संबंध नाही.

आणि चढावर गाडी बंद पडली की चाकामागं दगड लावता ना, निघताना तो दगड उचलून बाजूला टाका. रात्री मोटरसायकलवाला येतो, त्याला दिसत नाही. हे मी कुठल्याच पोराला माफ करत नाही.

आता झोप. नाशिकहून दिल्ली साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास, गुवाहाटी अडीच हजाराच्या वर. कांदा भरला की व्यापाऱ्याला तो सकाळच्या मार्केटला हवा असतो, आणि कांदा थांबत पण नाही, ताडपत्री घट्ट झाकून ठेवली तर आत गरम होऊन घाम सुटतो, उघडी ठेवली आणि पाऊस आला तर गोण्या भिजून सडतात. म्हणजे गाडी चालवता चालवता आभाळाकडं पण लक्ष ठेवावं लागतं, मोकळं असलं की बाजूनं ताडपत्री वर करून हवा द्यायची, ढग दिसला की दोर आवळायचा. अशात वरून फोन, कुठं पोचलास, अजून तिथंच का. मी पण ऐकायचो. एकदा मध्य प्रदेशात ब्यावरा सोडून गुनाकडं चाललो होतो, पहाटेचे चार-साडेचार, आणि समोर मला बैलगाडी दिसली, बैलांची शिंगं पण दिसली. मी जोरात ब्रेक मारला, मागं गोण्या सरकल्याचा आवाज आला, खाली उतरून बघतो तर रोडवर काहीच नाही. ना बैल, ना गाडी, लांबपर्यंत रिकामा रोड. मी उभ्या उभ्या थरथर कापत होतो. डोळे उघडे असताना झोपलो होतो मी. त्या दिवसापासून रात्री दोन ते पाच माझी गाडी उभी असते, ढाब्यावर किंवा पंपावर, लाईट असेल तिथं, आणि याच्यामुळं दोन मालकांकडचं काम सोडलं. कायदा पण तुमच्या बाजूनं आहे, १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट कामगारांचा कायदा होता, त्याच्या जागी २०२५ ला नवा कामगार कायदा आला, त्या जुन्या कायद्यात दिवसाला ८ तास, लांबच्या रूटला परवानगी घेऊन फार तर १०, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं होतं. रोडवर असलं कोणी पाळत नाही हे मला माहितीय, तरी आकडा डोक्यात असू द्या, म्हणजे शेठला सांगताना आपण चोरी करतोय असं वाटत नाही.

पैशाचं पहिल्याच दिवशी बोला, लाजू नका. पगार किती, ट्रिपला भत्ता किती, पंक्चर कोणाकडं, खाली करताना हमाली कोण देणार, चलन आलं तर कोणाच्या खात्यातून. माल किती भरणार ते पण विचारा. दहा टायर गाडीचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून चालणारं वजन, २०१८ ला २५ टनांवरून २८.५ टन झालं, त्याच्यावर भरला तर दंड २० हजार आणि वर प्रत्येक टनाला २ हजार, आणि घाटात ते जास्तीचं वजन मालकाच्या नाही, तुमच्या पायाखाली असतं. काट्यावर वजन जास्त दिसलं तर तिथंच थांबा, चावी देऊन टाका.

ॲक्सिडेंट झाला तर पळू नका. लोक मारतील ही भीती खरी आहे, मी बघितलंय, आणि कायद्यानं पण ते धरलंय, जमाव अंगावर येत असेल तर जागेवर थांबायची सक्ती नाही, पण २४ तासांच्या आत पोलीस स्टेशनला जाऊन सांगायचं. आधी अँब्युलन्सला १०८ लावा, हायवेवर १०३३. जखमी माणसाला तुमच्या फोनची एक मिनिटात गरज असते.

आता उस्ताद शोधायचा कसा, हे बऱ्याच जणांनी विचारलं. संध्याकाळी पाच-सहाला इथंच या, भरलेल्या गाड्या निघायची वेळ असते. लांब उभं राहून नुसतं बघा. कोणी उडी मारून केबिनमध्ये चढेल, हॉर्न वाजवत निघून जाईल. एखादा मात्र हातात टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन गाडीभोवती फिरत असेल, एकेका टायरवर ठोकून आवाज ऐकेल, आतल्या टायरसाठी वाकेल, फाळक्याची (मागच्या झडपेची) कडी ओढून बघेल, दोर परत आवळेल, आणि सगळ्यांच्या मागून निघेल. त्याच्याकडं जा आणि विचारा, काका, क्लीनर पाहिजे का.