भूत घरातलंच असतं

नमस्कार श्रोतेहो. आत्ता तुम्ही ऐकलंत ते गाणं, ‘रात्रीस खेळ चाले’. शब्द सुधीर मोघे यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. याच चित्रपटातलं ‘गोमू संगतीनं’ तर वरातीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळीकडे वाजतं. चित्रपटाचं नाव ‘हा खेळ सावल्यांचा’, साल १९७६, दिग्दर्शक वसंत जोगळेकर. काशिनाथ घाणेकर आणि आशा काळे त्यात होते. ही गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत अशा माणसांना मी गेली कित्येक वर्षं विचारत आलोय, सिनेमा पाहिलात का? बहुतेक जण जरा आठवून बघतात आणि म्हणतात, नाही बहुधा.

भयपटांच्या वाट्याला आपल्याकडे हेच येतं. त्यातलं गाणं जगतं, एखादी किंकाळी नकलाकारांच्या कामाला येते, आणि सिनेमा माळ्यावर जाऊन पडतो. जाणकार म्हणवणारी माणसं तर भयपटाला दारातच उभी करतात. मुंबईत हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंनी महाबळेश्वरच्या धुक्यात चित्रण करून एक अख्खी पिढी घाबरवली. त्यांचे मुखवटे, ती करकरणारी दारं मलाही आवडायची. पण त्यातून एक समज घट्ट झाला की भयपट म्हणजे एवढंच. त्याच काळात त्याच मुंबईत वेगळं काही घडलं, तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आज मला मुख्यतः ज्या सिनेमाविषयी बोलायचंय त्याचं नाव ‘गहराई’. हिंदी आहे, १९८० सालचा. पण नावं ऐका. लेखनात विजय तेंडुलकर. दिग्दर्शन अरुणाराजे आणि विकास देसाई यांचं. बापाच्या भूमिकेत डॉक्टर श्रीराम लागू, मुलीच्या भूमिकेत पद्मिनी कोल्हापुरे. अनंत नाग, अमरीश पुरी, सुधीर दळवी. मराठी रंगभूमीच्या अंगणातली किती माणसं इथे जमली आहेत बघा. तरी तेंडुलकरांच्या कामाची यादी सांगताना ‘घाशीराम’ येतं, ‘शांतता’ येतं, ‘सामना’ येतो. ‘गहराई’चं नाव मात्र क्वचितच निघतं.

गोष्ट अशी आहे. बंगळुरात राहणारा, बऱ्या हुद्द्यावरचा एक गृहस्थ, चेन्नबसप्पा. गावाकडची वडिलोपार्जित जमीन तो विकून टाकतो. ती जमीन वर्षानुवर्षं सांभाळणारा गडी आहे बसवा. कागदावर त्याचं काही नाही, पण ती माती त्याची आई आहे. व्यवहार होतो, मालक शहरात परततो, आणि थोड्याच दिवसांत त्याची शाळकरी मुलगी उमा वेगळी वागायला लागते. आधी नुसती गप्प. मग भलत्याच नजरेनं बघणं. मग एक दिवस तिच्या तोंडून कुणी दुसरंच बोलायला लागतं. ते बोलणं बापाच्या जुन्या गुन्ह्याविषयी असतं. बायकोसमोर, तरुण मुलासमोर, स्वतःच्या पोरीच्या तोंडून त्याला ते ऐकावं लागतं.

इथे मला दर वेळी काटा येतो. मुलगी हवेत उडत नाही, भिंतींतून रक्त येत नाही. दिवाणखाना तोच, सोफा तोच, बाहेर दूधवाल्याची वेळ झालेली. फक्त आजवर या घरात जे बोललं गेलं नव्हतं ते बोललं जातंय.

तेंडुलकर आणि लागू हे दोघं याआधी ‘गिधाडे’साठी एकत्र आले होते. १९७० सालचा तो प्रयोग, आणि त्यावरून उठलेलं वादळ, नाटकवाल्यांना ठाऊकच आहे. त्यात भूत नव्हतं. एक कुटुंब एकमेकांचे लचके तोडत होतं, तेवढंच पुरेसं भयानक होतं. ‘गहराई’ मला त्या नाटकाची धाकटी बहीण वाटते. तिथे माणसं स्वतःच ओरडतात. इथे सगळे सभ्य आहेत, म्हणून ओरडायला भुताला यावं लागतं.

आणि लागू. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, पूर्णवेळ नट होण्यासाठी वैद्यकी सोडलेले. ‘परमेश्वराला रिटायर करा’ असं जाहीरपणे लिहिणारे आणि पुढे नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगाव विवेकाचा जागर करणारे. या माणसानं भुताच्या सिनेमात काम केलं, याचं नवल वाटणारे लोक मला भेटले आहेत. पण सिनेमा नीट पाहा. त्यातला बाप विज्ञानावर विश्वास ठेवणारा आहे, लागूंनी तो जराही हास्यास्पद होऊ दिलेला नाही. आई देवाधर्माकडे वळते, तिचीही टिंगल नाही. दोघंही पोरीवरच्या मायेपोटीच भांडतात. आणि मांत्रिक म्हणून जो अमरीश पुरी घरात शिरतो, तो त्या पोरीच्या वाईटावरच टपलेला निघतो. लाचार झालेल्या घरात बुवा कसा पाय पसरतो, हे मी इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या हिंदी सिनेमात पाहिलेलं नाही. त्याउलट चांगल्या माणसाच्या भूमिकेत सुधीर दळवी आहेत. तीनच वर्षांपूर्वी हा चेहरा पडद्यावर शिर्डीच्या साईबाबांचा झाला होता. त्या काळच्या प्रेक्षकाला ते दिसताच किती हायसं वाटलं असेल!

पद्मिनी कोल्हापुरे तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. त्याच वर्षी ‘इन्साफ का तराजू’साठी तिचं कौतुक झालं, दोन वर्षांत ‘प्रेम रोग’ आला आणि ती नायिका झाली. उमाचं काम त्या झगमगाटात मागे पडलं. आवाज बदलण्याची कसरत करणारे पुष्कळ असतात. हिचं वेगळेपण असं, की झटका ओसरल्यावर ती पुन्हा लहान मुलगी दिसते. दमलेली, आणि आपण काय बोललो ते आठवत नसलेली.

अरुणाराजेंविषयी एक सांगायलाच हवं. पुण्याची ही मुलगी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडून फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेली आणि १९६९ साली संकलनात सुवर्णपदक घेऊन बाहेर पडली. ‘गहराई’तली भीती ही मला संकलकाच्या हातची वाटते. एखादा क्षण किती लांबवायचा आणि दार उघडायच्या नेमकं किती आधी दृश्य तोडायचं, हे तिथे फार कसबानं जमलंय.

आता आपल्या घरच्या सिनेमाकडे येतो. ‘लपाछपी’, दिग्दर्शक विशाल फुरिया, २०१७ साली जुलैत तो चित्रपटगृहांत लागला. चार वर्षांनी याच दिग्दर्शकानं हिंदीत ‘छोरी’ केला, तो घरोघरी मोबाइलवर पोचला. मूळ मराठी सिनेमा पाहिलेले मात्र मला मोजकेच भेटतात. नेहा गरोदर आहे, दिवस भरत आलेत. नवऱ्यानं पैशांची भानगड करून ठेवलीय, म्हणून दोघं शहरातून पळून उसाच्या फडात दडलेल्या एका घरात येतात. तिथे तुळसाबाई आहे, प्रेमानं करणारी, सतत लक्ष ठेवणारी. हे प्रेम केव्हा पहारा होतं ते कळत नाही. उषा नाईक यांनी ही बाई अशी केलीय की कपाळावरून हात फिरवला तरी भीती वाटावी. पूजा सावंतनं तर सगळा सिनेमा पेललाय.

पण मला सर्वांत जास्त कौतुक आहे ते उसाचं. ज्यांनी फडात पाऊल टाकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. बाहेरून हिरवागार, डोळ्यांना गार वाटणारा. दोन सऱ्या आत गेलात की आभाळ जातं. पात्यानं हात कापतात, पायाखाली पाचट वाजतं, आणि वारा नसतानाही पलीकडे काहीतरी हललं असं वाटत राहतं. आपल्या भयपटांनी इतकी वर्षं जुने वाडे आणि डाकबंगले झिजवले. भर दुपारी, लख्ख उन्हात, आपल्याच शिवारात माणूस हरवू शकतो, हे या सिनेमानं पाहिलं.

शेवटचा उलगडा मी सांगणार नाही. विषय सांगतो, तो आहे मुलीचा गर्भ. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्रानं, १९८८ साली. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. आणि तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली किती होत्या? ८०७. हा आकडा भाषणात ऐकला की आपण हळहळतो आणि विसरतो. ‘लपाछपी’ पाहताना उसात खेळणाऱ्या पोरांचे आवाज कानावर येतात आणि तो आकडा तुमच्या खोलीत येऊन बसतो.

आवाजांवरून आठवलं. दक्षिणेतली अभिनेत्री रेवती, तिचे दोन सिनेमे लागोपाठ पाहा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिला ‘रात’, १९९२ सालचा, राम गोपाल वर्मांचा. नव्या घरात राहायला आलेलं साधं कुटुंब, आईच्या भूमिकेत आपल्या रोहिणी हट्टंगडी, आणि झपाटली जाणारी मुलगी रेवती. त्यात ती सिनेमागृहात बसलेली असते आणि एकाएकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या होतात. एवढंच. गर्दीतलं एकटेपण इतक्या सोप्या युक्तीनं दाखवता येतं! शेवटाकडे सिनेमा थोडा पसरतो, हे मान्य. पहिला तास मात्र आजच्या कुणाही दिग्दर्शकानं धडा म्हणून गिरवावा असा आहे.

दुसरा ‘भूतकालम’. मल्याळम, २०२२ सालचा, दिग्दर्शक राहुल सदाशिवन. तीस वर्षांनंतर तीच रेवती आता आई आहे. भाड्याचं घर, तरुण बेकार मुलगा, नुकतीच वारलेली आजी. आई नैराश्यानं खचलेली, मुलगा तिच्या काळजीनं आणि तिच्यावरच्या रागानं पिचलेला. रात्री घरात आवाज येतात. आई आपल्या खोलीत जागी, मुलगा आपल्या खोलीत जागा. दोघांनाही ऐकू येतं, पण कुणी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर समोरचा म्हणेल, तुझं डोकं ठिकाणावर नाही. बराच वेळ भूत दिसतही नाही, आणि त्याची गरजही भासत नाही. या कामासाठी रेवतीला केरळ राज्याचा पुरस्कार मिळाला. आणि नावातली गंमत तर आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. भूतकाळ या शब्दात भूत आपण रोजच वागवतो.

वेळ थोडा उरलाय, म्हणून आसामकडे फक्त बोट दाखवतो. ‘कोठानदी’, २०१५, दिग्दर्शक भास्कर हजारिका. लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांनी १९११ साली छापलेल्या आजीच्या गोष्टींवर तो उभा आहे. अजगराशी लावून दिलेलं मुलीचं लग्न, पोटी फळ जन्माला आलेली बाई, सावत्र लेकीला ढेंकीत, म्हणजे पायानं चालवायच्या भात कांडण्याच्या उखळात, कांडणारी आई. आपल्याही आजीच्या गोष्टीत वाघ-कोल्हे म्हातारीला खायला टपलेले असतातच, आणि आपण ते ऐकत ऐकत झोपी जात होतो. हजारिकांनी त्या गोष्टी फक्त खऱ्या मानल्या. झोप उडते.

जाता जाता पुन्हा ‘गहराई’. तो मी पहिल्यांदा पाहिला भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. शनिवारची रात्र होती, शेजारची चार पोरं, आई आणि वडील. आम्ही पोरं उमाला बघून किंचाळत होतो. मध्येच माझं लक्ष वडिलांकडे गेलं. ते उमाकडे पाहत नव्हते. त्यांची नजर बसवावर होती, आणि पडद्यावरून बसवा गेल्यावरही ती तिथेच राहिली.

त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी गावची अडीच एकर विकली होती. घरासाठी पैसे हवे होते, निर्णय चुकीचा नव्हता. ती जमीन कसणारा गडी आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचा. खरेदीखताच्या दिवशी तो बांधावर बसून होता, एवढं मला आईकडून ऐकून माहीत होतं.

सिनेमा संपायच्या आतच वडील उठून झोपायला गेले. रविवारी पहाटे उठून पाहतो तर ते घरात नव्हते. पहिल्या एसटीनं गावाला गेले होते. रात्री उशिरा परतले, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. आईनं ती हातातून घेतली आणि विचारलं, “भेटला का?”

“भेटला,” ते म्हणाले. “त्यानंच दिल्यात. दारातल्या आहेत.”