आकडा वाढला, पण विषाणू बदलला का?

[पडद्यावर: अमरावती. बंद शटर, बॅरिकेड, रिकामा चौक]

22 फेब्रुवारी 2021. अमरावती आणि अचलपूरमध्ये संध्याकाळपासून टाळेबंदी लागली. जानेवारीत तर कोरोना गेला असंच सगळे धरून चालले होते. मग इथेच रुग्ण इतके का वाढले?

कारणं समोरच होती. 15 जानेवारीला राज्यात 12 हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं होतं. लग्नं धडाक्यात लागत होती आणि मास्क हनुवटीवर उतरले होते. एवढ्या गर्दीत जुना विषाणूही पसरलाच असता. त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून विषाणूला दोष देता येत नव्हता. त्याला उघडून वाचावं लागणार होतं.

[पडद्यावर: थर्माकोलची पेटी, गुलाबी द्रवातले स्वॅब, हातमोजे, कुप्यांवरचे बारकोड]

ही पेटी नीट बघा. आरटीपीसीआर फक्त विषाणू आहे की नाही एवढंच सांगते. तो कोणता, हे कळायला त्याच्या जनुकीय मजकुराची सुमारे 30 हजार अक्षरं वाचावी लागतात. आधी स्वॅबमधून आरएनए, म्हणजे हा मजकूर, वेगळा काढायचा, त्याचा डीएनए करायचा, तुकड्यातुकड्याने त्याच्या प्रती वाढवायच्या. सिक्वेन्सर नावाचं यंत्र ते तुकडे वाचतं. मग संगणक वुहानच्या मूळ नमुन्याशी ताडून त्यांची ओळ लावतो. सीटी व्हॅल्यू, म्हणजे विषाणू दिसेपर्यंत आरटीपीसीआरला लागलेल्या फेऱ्या, 30 च्या वर गेली, म्हणजे नमुन्यात विषाणू कमी असला, की हे वाचन अर्धवट राहतं. असे नमुने बहुतेक वेळा बाजूलाच पडतात.

[पडद्यावर: सिक्वेन्सरचा दिवा, संगणकावर सरकणारी अक्षरं]

या कामासाठी डिसेंबर 2020 मध्ये ‘इन्साकॉग’ हे सरकारी प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. देशभरातल्या 10 प्रयोगशाळा त्यात होत्या, पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थाही. ब्रिटनमध्ये नवा प्रकार सापडला होता, म्हणून सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष तिथून उतरणाऱ्या प्रवाशांवर होतं. विमानतळावर आम्ही परदेशी विषाणू शोधत होतो आणि घरचा विषाणू विदर्भात हातपाय पसरत होता.

24 मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं, की महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के नमुन्यांत ई484क्यू आणि एल452आर हे विषाणूच्या काट्यातले दोन बदल दिसतात आणि डिसेंबरच्या तुलनेत त्यांचं प्रमाण वाढलंय. वाहिन्यांनी लगेच नाव दिलं, ‘डबल म्युटंट’.

[पडद्यावर: युरोपचा नकाशा, रंग पसरत जातो]

पण प्रमाण वाढलं म्हणजे संसर्गक्षमता वाढली, असंही नाही. 2020 च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये एक प्रकार वाढला आणि काही महिन्यांत युरोपच्या बऱ्याच भागांत तोच पुढे गेला. नंतरच्या अभ्यासात मात्र त्याच्या अंगी विशेष वेग असल्याचा पुरावा मिळाला नाही. सुट्टी संपवून घरी परतणाऱ्या प्रवाशांनी तो पुन्हा पुन्हा, देशोदेशी नेला होता. विषाणूला फुकटचं श्रेय मिळालं.

[पडद्यावर: पीसीआरच्या तीन रेषा, एक सपाट]

आता हे दृश्य. ब्रिटनमध्ये वापरात असलेलं एक टेस्ट किट विषाणूच्या तीन जनुकांवर निशाणा धरायचं. इंग्लंडच्या केंट परगण्यात सापडलेल्या प्रकाराच्या, म्हणजे अल्फाच्या बाबतीत त्यातलं एक, एस जनुक, पकडीतच येईना. ही सपाट रेषा त्याचीच खूण ठरली आणि हजारो चाचण्यांमधून अल्फा ओळखता आला. नोव्हेंबर 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बाकीचे प्रकार मागे हटत असताना हा पुढे सरकत होता, तोही एकामागून एक भागात. खेळपट्टी एक, गोलंदाज तेच आणि धावा एकाच्याच! रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा हिशोब झाला. अल्फाची लागण साधारण 15 टक्क्यांना, इतर प्रकारांची 11 टक्क्यांना. पुरावा म्हणतात तो असा.

आपल्याकडच्या विषाणूत ती सपाट रेषा नव्हती. प्रत्येक नमुना वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वाचल्यावर कळलं, की हे एक नाही, भावंडं आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांना आकड्यांची नावं दिली. बी.1.617.1 आधी वाढलं, मग बी.1.617.2 त्याच्या पुढे गेलं. गंमत म्हणजे या दुसऱ्यात ई484क्यू नव्हताच. ज्या जोडीची भीती घातली गेली, ती खऱ्या धोक्यात नव्हती.

[पडद्यावर: दिल्ली, एप्रिल 2021. निवेदन नाही, 20 सेकंद]

दिल्लीत जानेवारीच्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांत प्रतिपिंडं, म्हणजे आधीच्या लागणीची खूण, सापडली होती. तरी एप्रिलमध्ये ही लाट आली. तिथे मार्चमध्ये अल्फा वाढत होता. बी.1.617.2 ने त्यालाही मागे टाकलं. पुढे हिशोब निघाला: आधीच्या प्रकारांपेक्षा 30 ते 70 टक्के जास्त संसर्गक्षम. पण एक शंका उरतेच. हा खरंच जास्त पसरतो, की आधी आजारी पडलेल्यांची प्रतिकारशक्ती चुकवतो? दोन्हींत आलेख सारखाच चढतो.

[पडद्यावर: ग्वांगझू, चाचणीच्या लांब रांगा]

त्याचं उत्तर बऱ्याच अंशी चीनमधल्या ग्वांगझूने दिलं. मे 2021. इथे आधी लागण झालेले लोक जवळपास नव्हतेच, त्यामुळे चुकवायला प्रतिकारशक्तीही फारशी नव्हती. रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना वेगळं ठेवून रोज तपासलं गेलं. 2020 मध्ये संपर्कानंतर विषाणू सापडायला साधारण सहा दिवस लागायचे, आता चार. आणि पहिल्याच पॉझिटिव्ह चाचणीत विषाणूचं प्रमाण 2020 च्या सुमारे हजारपट.

11 मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने बी.1.617 ला चिंताजनक प्रकारांच्या यादीत टाकलं. 31 मे रोजी त्यातल्या बी.1.617.2 ला नाव मिळालं, डेल्टा.

[पडद्यावर: पुन्हा प्रयोगशाळा, रिकामे ट्रे]

पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी पाच टक्के वाचायचे, असं इन्साकॉगचं उद्दिष्ट होतं. त्या वसंतात आपण त्याच्या आसपासही पोचलो नाही. आणि नुसती संख्याही पुरत नाही. नमुना कोणत्या तालुक्याचा, कोणत्या तारखेचा, रुग्णाला आधी लागण झाली होती का, घरात कितीजण पॉझिटिव्ह आले, हे कुपीबरोबर आलं नाही तर 30 हजार अक्षरं वाचूनही वेगाचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात फॉर्म भरणारा माणूस लागतो. त्याचं पद मंजूर करा.