करडईचं बी निवडताना

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. आज करडईच्या बियाण्याविषयी बोलू.

करडईचं उत्पन्न तीन गोष्टींवर ठरतं: झाडाला बोंडं किती, बोंडात दाणे किती आणि दाण्याचं वजन किती. बोंडं, दाणे, वजन. या तिन्हींत झाडाझाडांत फरक असतो. काही फरक रक्तातला, काही जमिनीचा. रक्तातलाच तेवढा पुढच्या पिढीत उतरतो.

सोलापूरकडच्या एका आजींची गोष्ट सांगतो. काढणी चालू होती. काटे दवानं नरम असतात म्हणून बाया पहाटेच शेतात उतरल्या होत्या, हातांना फडकी गुंडाळलेली. आजींनी बांधालगतच्या एका झाडाला लाल चिंधी बांधली. म्हणाल्या, "बघा कसं लगडलंय. ह्याचंच बी ठेवणार." झाड खरंच भरलेलं होतं. मी म्हटलं, "आजी, मधल्या दाटीतलंही एक चांगलं झाड घ्या. दोन्हींचं बी वेगळं ठेवा आणि शेजारी-शेजारी पेरा." त्यांनी दोन पुरचुंड्या बांधल्या. पुढच्या रब्बीत शेताच्या मध्यावर दोन ओळी उभ्या राहिल्या. बांधाकडच्या झाडाची ओळ चारचौघींसारखीच, आणि टोकाच्या बोंडांत दाणे पोचट. दाटीतल्या झाडाची ओळ मात्र बोंडांनी, दाण्यांनी उजवी. आजी ओळीतून फिरल्या आणि म्हणाल्या, "बांधाचं खाऊन माजलं होतं. हे हाडाचं चांगलं."

बांधाकडेला ऊन, ओल, मोकळी जागा जास्त, म्हणून बोंडं जास्त. त्यातही बोंडांची संख्या परिस्थितीनं फार हलते, दाण्याचं वजन त्या मानानं कमी.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्यांचं 'नारी-6' हे वाण दिलं, तेही अशाच आनुवंशिक फरकातून. तेलाचंही तसंच. टरफल जाड असेल तर तेल कमी. आपल्या जुन्या वाणांत तेल साधारण 28 ते 30 टक्के.

तर पुन्हा सांगतो: झाड निवडा ते दाटीतलं, बांधालगतचं नको. बोंडं मोजा, दोन-चार फोडून दाणे बघा, दाणे तोलून बघा. एकेका झाडाचं बी वेगळं ठेवा आणि एका झाडाची एक ओळ पेरा. हे सुधारित वाणांपुरतं. संकरित वाणाचं बी दरवर्षी नवंच घ्या.