झुरळांच्या गणातली वाळवी

वळीव पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती वाळवीच्या पाखरांची झुंबड उडते आणि सकाळी ओटीवर पंखांचा खच पडलेला असतो. त्यातलं एखादं पाखरू पंखांसकट हाती लागलं तर नीट बघा. चारही पंख सारख्याच लांबीचे, कंबर जाड, मिशा बारीक मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर चिमटीत धरल्यासारखी, मिशा कोपरात वाकलेल्या. वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणणं चूकच. मुंगी गांधीलमाशीच्या नात्यातली, वाळवी झुरळाच्या.

या सारख्या पंखांवरूनच वाळवीला आयसॉप्टेरा हा वेगळा गण मिळाला होता. 2007 साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या संशोधकांनी डीएनए जुळवून पाहिले, तेव्हा वाळवी झुरळांच्या ऐन मधल्या फांदीवर सापडली. आता दोघांचा गण एकच, ब्लॅटोडिया. त्यात झुरळांच्या साडेचार हजारांच्या आसपास प्रजाती आहेत, वाळवीच्या सुमारे तीन हजार. स्वयंपाकघरात शिरणारी झुरळं मोजकीच. बाकीची रानात पाचोळा कुजवतात.

नात्याची खूण पोटात आहे. क्रिप्टोसर्कस हे उत्तर अमेरिका आणि पूर्व आशियातलं झुरळ कुजलेले ओंडके खातं. लाकूड पचवणारे एकपेशीय जीव त्याच्या आतड्यात असतात, आणि तसेच जीव अनेक वाळव्यांच्या पोटातही. वाळवीनं कात टाकली की आतड्याचं अस्तरही गळतं आणि हे जीव जातात. मग ते पुन्हा मिळवायचे तर दुसरीच्या गुदद्वारातून निघणारा द्रव चाटावा लागतो. एकटीनं राहून भागत नाही.

उत्तर ऑस्ट्रेलियातली मॅस्टोटर्मिस ही वाळवी तर अंडीही झुरळासारखी घालते: दोन ओळींत चिकटवलेली सुमारे वीस.

आपल्याकडे मोठी वारुळं बांधणाऱ्या ओडोंटोटर्मिस या वाळवीच्या पोटात मात्र ते जीव उरलेले नाहीत. कामकरी वाळव्या चघळलेला काडीकचरा विष्ठेवाटे रचून स्पंजासारखं पोळं करतात. त्यावर टर्मिटोमायसिस बुरशी वाढते, काडीकचरा पचवण्यासारखा करते आणि वाळव्या तो खातात. पावसाळ्यात याच बुरशीच्या छत्र्या वारुळावर उगवतात. गोव्यात त्यांना रोयण अळमी म्हणतात. छत्री उघडण्याआधीच सगळ्या कळ्या उपटल्या तर बीजाणू पसरत नाहीत, आणि नव्या वारुळातल्या कामकऱ्यांना बुरशीचं विरजण बाहेरूनच आणावं लागतं.