आधी बेडका, मग इंजेक्शन

नमस्कार, श्रोतेहो. न्यूमोनियाचा पेशंट वॉर्डात भरती झाला की सिस्टर नातेवाइकांच्या हाती झाकणाची एक छोटी डबी देतात. 'यात बेडका घेऊन लॅबमध्ये द्या.' आज मला त्या डबीबद्दलच बोलायचं आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी डब्यांत नुसती लाळ असते.

एक्स-रेवरून न्यूमोनिया कळतो, तो कोणत्या जंतूमुळे झाला ते कळत नाही. घरून खोकत आलेल्याच्या छातीत न्यूमोकॉकस असू शकतो. पण भरती होऊन ४८ तास उलटल्यावर न्यूमोनिया झाला, तर क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास यांचा संशय येतो. हे जंतू बऱ्याचदा नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. डॉक्टर सुरुवातीला अंदाजानेच औषध देतात, ते द्यावंच लागतं. पुढे मात्र पुरावा हवा.

डबी आली की बेडक्याचा पातळ थर काचेवर पसरून आम्ही ग्राम स्टेन करतो. हान्स क्रिश्चियन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी ही रंगाची पद्धत १८८४ साली मांडली, तीही न्यूमोनियाने दगावलेल्यांची फुप्फुसं तपासताना. आजही ती पाऊण-एक तासात दिशा दाखवते. जोडीजोडीने बसलेले जांभळे ठिपके दिसले तर न्यूमोकॉकसकडे बोट जातं, जाडसर गुलाबी कांड्या दिसल्या तर क्लेबसिएलाकडे. पण त्याआधी पेशी बघतो. पू-पेशी भरपूर हव्यात. गालाच्या आतल्या मोठ्या, चपट्या पेशींची गर्दी असेल तर तो माल तोंडातला, छातीतला नव्हे. असा नमुना आम्ही परत करतो. नातेवाईक वैतागतात, साहजिक आहे. पण लाळेतले जंतू वाढवून रिपोर्ट दिला, तर पेशंटला भलतंच औषध सुरू होईल.

तेव्हा साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून चूळ भरायला सांगा. पेशंटला बसवा, खोल श्वास घेऊ द्या आणि छातीतून खोकायला लावा. घट्ट, पिवळसर असा चमचाभर पुरे. सुटतच नसेल तर सिस्टरना सांगा, वाफेचं मशीन लावून पाहता येतं. जमेल तिथे हे अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी व्हावं, रक्ताचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, तिचा नमुनाही तेव्हाच. पेशंट अत्यवस्थ असेल तर मात्र नमुन्यासाठी इंजेक्शन थांबवायचं नाही.

डबी दोन तासांत पोचवा. आपल्या नागपूरचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. खिशात डबी ठेवून पैसे भरायच्या रांगेत उभं राहिलात, तर नाजूक न्यूमोकॉकस मरतो आणि तोंडातले जंतू फोफावतात.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं निदान अवघड. नळीत जंतू घर करतातच, म्हणून काही उगवलं की तोच आजार, असं धरता येत नाही. किती उगवलं, ताप आहे का, एक्स-रे बिघडला का, हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

कल्चरमध्ये जंतू उगवायला एक दिवस, कोणतं औषध लागू पडतं ते ठरवायला बहुधा आणखी एक. रिपोर्ट आला की डॉक्टर कधी औषध बदलतात, कधी भारी औषध काढून साधं देतात. साधं दिलं म्हणून काळजी करू नका.

गोंदिया, गडचिरोली, छिंदवाड्याहून येणाऱ्यांना एक विनंती. गावात घेतलेल्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणा. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, तर ते औषधामुळे असू शकतं, हे आम्हाला त्यावरून कळतं.