ऑक्सफर्डची उघडी दारं

नमस्कार श्रोतेहो.

ऑक्सफर्डला पहिल्यांदा गेलेल्या माणसाच्या नजरेत आधी भरतात ते बंद दरवाजे. कॉलेजांचे भलेमोठे, जुन्या लाकडाचे. कुठे आत जायला तिकीट, तर कुठे पाहुण्यांना मज्जाव. आज मी तुम्हाला त्याच गावातल्या उघड्या दारांपाशी नेणार आहे, कारण ऑक्सफर्ड मला आवडायला लागलं ते तिथल्या कॅफेंमध्ये बसून.

सुरुवात करू हाय स्ट्रीटवरून. गावातले लोक त्याला नुसतं 'द हाय' म्हणतात. इथेच १६५० मध्ये जेकब नावाच्या एका ज्यू माणसानं इंग्लंडमधलं पहिलं कॉफी हाउस उघडलं, अशी नोंद ऑक्सफर्डचा इतिहासकार अँथनी वुड यानं केली आहे. लंडनला पहिलं कॉफी हाउस मिळालं त्यानंतर दोन वर्षांनी. आणि लक्षात घ्या, ज्यूंना इंग्लंडमधून १२९० मध्येच हद्दपार केलं होतं. त्यांना पुन्हा उघडपणे राहता येऊ लागलं ते १६५६च्या सुमारास. म्हणजे ज्याला या देशात राहायचीच परवानगी नव्हती, त्यानं या देशाला कॉफी पाजली. हे आठवलं की हातातला कप मला जरा जड वाटतो.

समोरच्या बाजूला, क्वीन्स लेनच्या कोपऱ्यावर, क्वीन्स लेन कॉफी हाउस आहे. पाटीवर साल आहे १६५४. आत थाटमाट काही नाही. साधी टेबलं, गर्दी, न्याहारीच्या बशा, आणि खाण्याच्या यादीत तुर्की धाटणीचे पदार्थ. कॉफी मुळात त्याच मुलखातून इकडे आली, त्यामुळे ते पदार्थ मला इथे अगदी घरचे वाटतात. खिडकीजवळची जागा मिळाली तर सोडू नका.

त्या काळी एक पेनी दिली की कॉफी मिळे आणि बसायला जागा. शेजारी कोण बसलंय, याची चौकशी नाही. बायकांना मात्र त्या गप्पांत जागा नव्हती, हेही सांगायला हवं. पुढे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा ख्रिस्तोफर रेन तरुणपणी कॉफीही विकणाऱ्या एका औषधविक्याकडे मित्रांबरोबर कॉफी प्यायला बसे. वुडची मात्र तक्रार होती की, या कॉफी हाउसांपायी गंभीर अभ्यास बुडतो.

तिथून चालत कव्हर्ड मार्केटला या. १७७४ मध्ये सुरू झालेला हा छपराखालचा बाजार. रस्त्यावर मांसविक्रीची घाण होते म्हणून खाटकांना आत आणायचं, हा मूळ हेतू. आज तिथे मांस आणि चीजच्या दुकानांना खेटून छोटे कॅफे आहेत. १९८४ मध्ये इथल्याच एका गाळ्यातून बेन्स कुकीज सुरू झालं. आता त्यांची दुकानं देशोदेशी आहेत, पण गरम बिस्किटांचा वास घ्यावा तो याच गल्लीत.

या बाजाराचा आराखडा जॉन ग्विननं केला, आणि गावाच्या पूर्वेचा पूलही त्याचाच. पाटीवर 'मॅग्डालेन' असं वाचाल, पण उच्चार 'मॉडलिन'. पुलापलीकडे काउली रोड. मोटारींच्या कारखान्यामुळे त्या बाजूला वस्ती वाढली, आणि पुढे पाकिस्तानी, बांगलादेशी, कॅरिबियन, लेबनीज खाणावळी आल्या. पोटभर जेवायचं असेल तर तिथेच जा.

शेवटी, रात्री, लिटल क्लॅरेंडन स्ट्रीट. तिथे १९९२ पासून जॉर्ज अँड डेव्हिस नावाचं आइस्क्रीमचं दुकान आहे. स्वतः बनवलेलं आइस्क्रीम, बेगल्स, आणि उशिरापर्यंत विद्यार्थ्यांची रांग. याच रस्त्याला लागून सॉमरव्हिल कॉलेज आहे. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये इथे आली. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पदवी हातात पडली ती १९२२ मध्ये, तीस वर्षांनी.

मी तिथे गेले की आइस्क्रीम घेऊन बाहेर येते, आणि ते संपेपर्यंत त्या कॉलेजाच्या बाजूला उभी राहते.